फुलावरची मधमाशी आणि कॅमेरा

कामगारांच्या द्वारसभांत घसा फोडण्याची सवय असलेल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत मधमाश्यांच्या छायाचित्रांविषयी बोलावयास सांगावे, ही संयोजकांची कल्पना प्रथम आम्हाला थट्टेचीच वाटली. आम्ही कीटकशास्त्र शिकलो नाही आणि छायाचित्रण तर मुळीच नाही. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि एस.टी.च्या प्रवासात. परंतु गेली आठ-दहा वर्षे सणसरच्या आमच्या परसात कॅमेरा घेऊन उकिडवे बसण्यात ज्या सकाळी गेल्या, त्यांनी जे दाखवले ते चारचौघांना सांगण्याजोगे आहे असे वाटल्यावरून हे लिहिले आहे.

सणसर हे बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे गाव. शेजारी भवानीनगरचा साखर कारखाना, जवळून गेलेला नीरा डावा कालवा आणि चहूबाजूंना ऊस. आषाढी वारीत तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते. त्या दिवशी लहानमोठे कॅमेरे घेतलेली माणसे गावात पावलापावलाला भेटतात. एरवी आमच्या गावात छायाचित्र घेण्याजोगे काही आहे असे कोणी मानीत नाही. उसाला मधमाशीची गरज नाही, कारण त्याची लागवड कांडीने होते. त्यामुळे उसाच्या पट्ट्यातील माणसाला मधमाशी ही गरजेची वस्तू वाटत नाही, ती रसवंतीवरची ब्याद वाटते. आमचेही मत फारसे निराळे नव्हते.

कॅमेरा आम्ही घेतला तो युनियनच्या कामासाठी, जुना, दुसऱ्याने वापरलेला. अपघात झाला की त्या जागेचे छायाचित्र तत्काळ घेऊन ठेवावे, नाही तर दुसऱ्या दिवशी जागा धुऊन स्वच्छ होते आणि पट्ट्याला जाळी नव्हती हे सिद्ध करता करता वर्ष जाते, हा धडा आम्ही एका ठिकाणी महागात शिकलो होतो. तेव्हा कॅमेरा म्हणजे आमच्या लेखी साक्षीदार. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, मधमाशीच्या बाबतीतही आम्ही त्याच्याकडून सौंदर्याची अपेक्षा केली नाही, साक्षीची केली.

पहिले चित्र रसवंतीवर घेतले. रसाच्या पेल्याच्या काठावर माशी बसलेली, उजेड उत्तम, चित्र अगदी स्पष्ट आले. आमच्या एका शिक्षक मित्राने ते पाहून विचारले, “माशी कोणती?” आम्ही म्हणालो, “मधमाशी.” तो म्हणाला, “कामगार कोण, असे विचारल्यावर ‘माणूस’ म्हणून सांगाल काय?” या प्रश्नाने आम्ही खजील झालो, आणि अभ्यासाला तेथून सुरुवात झाली.

आपल्याकडे मधमाशी एक नाही. सर्वांत मोठी आग्या, दीड सेंटिमीटरहून लांब. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा पुलाच्या कमानीला एकच उघडे, मोठे पोळे टांगणारी. सातेरी सुमारे एक सेंटिमीटरची. ती झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अंधारात एकापुढे एक समांतर पोळी बांधते. फुलोरी त्याहून लहान, पोटाचा पुढचा भाग विटकरी आणि मागे काळेपांढरे पट्टे. तिचे तळहाताएवढे पोळे मेंदीच्या किंवा डाळिंबाच्या फांदीला सापडते. शिवाय पेट्यांतून आणली जाते ती युरोपीय मेलिफेरा. १९६२ साली तेव्हाच्या पंजाबातील नगरोटा येथे ती या देशात रुजली. योगायोग असा की, पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही त्याच वर्षीची.

या झाल्या मध साठवणाऱ्या. पण परसात त्यांच्याखेरीज एकएकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या येतात, आणि छायाचित्रकाराला खरी गोडी त्यांचीच लागते. वाळक्या लाकडात भोक पाडून राहणारा काळा भुंगा ही मधमाशीचीच एक जात आहे, हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळले. गुलाबाच्या पानाचा कात्रीने कापल्यासारखा गोल तुकडा नेणारी एक माशी आहे. लोक त्याचा आळ अळीवर घेतात. आणि पोटावर निळे चमकदार पट्टे असलेली एक आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ.

या सर्वांत एक तोतयाही वावरतो. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी स्थिर राहणारी एक माशी हुबेहूब मधमाशीसारखी दिसते, परंतु ती घरमाशीच्या जातकुळीतली. तिला पंख दोन, मधमाशीला चार. तिच्या मिशा आखूड, डोळे जवळजवळ सबंध डोके व्यापणारे, आणि मागच्या पायांवर परागाची गोळी कधीच नसते. आमच्या पहिल्या वर्षाच्या चित्रांपैकी निम्मी या तोतयाची निघाली. वर्तमानपत्रांतही मधमाशीच्या बातमीखाली हीच छापलेली आम्ही पाहिली आहे.

आता प्रत्यक्ष चित्र कसे घ्यावयाचे ते सांगतो. पहिली अडचण अंतराची. दुरून घेतले तर माशी म्हणजे एक ठिपका. जवळ जावे तर भिंग इतक्या जवळचे स्पष्ट दाखवीत नाही. त्यासाठी जवळचे दाखवणारे खास भिंग लागते. ते महाग आहे. मोबाइलवर चिमट्याने बसवण्याचे छोटे भिंग थोडक्या पैशांत मिळते आणि आरंभाला ते पुरे आहे. पण जवळ गेल्याबरोबर दुसरी अडचण उभी राहते. जितके जवळ जावे तितकी स्पष्टतेची खोली कमी होत जाते. माशी आणि तिचे कॅमेऱ्यातील प्रतिबिंब समान आकाराचे होईल इतके जवळ गेलो, तर भिंगाचे छिद्र बरेच लहान करूनही जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पडदा तेवढा स्पष्ट येतो. त्याच्या पुढचे आणि मागचे सारे धुरकट. माशीची लांबी दहा मिलिमीटर. म्हणजे माशीतला काय भाग स्पष्ट हवा याची निवड तुम्हालाच करावी लागते. आमचा नियम असा की डोळा स्पष्ट यावा, बाकीचे येईल तसे येवो. डोळे तरी किती? दोन मोठे, प्रत्येकात हजारो बारीक भिंगे, आणि कपाळावर तीन ठिपक्यांएवढे छोटे, एकूण पाच.

हा मिलिमीटर साधण्यासाठी कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा कामाची नाही. ती माशी सोडून पाकळी पकडते. अंतर एकदा ठरवून कायम करावे, आणि मग स्वतःचे अंग पुढेमागे झुलवीत, डोळा स्पष्ट दिसताच कळ दाबावी. कोपर गुडघ्यावर टेकावे. तिपाई आम्ही वापरून पाहिली आणि माळ्यावर टाकली. ती उभी करीपर्यंत माशी शेजारच्या वाफ्यात गेलेली असते.

तिसरी अडचण वेगाची. उडताना मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ जरी शटर उघडे राहिले, तरी तेवढ्यात पंखाने आपल्या एका फेरीचा पाचवा हिस्सा पुरा केलेला असतो, म्हणून तो चित्रात धुक्यासारखा येतो. पंखांची ही गती माणसाला कळली कशी, याचा इतिहास मौजेचा आहे. फ्रान्समधील मारे नावाच्या शास्त्रज्ञाने १८६९ च्या सुमारास गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला सोन्याचा वर्ख लावला आणि ती पंख हलवू लागताच उन्हात सोनेरी इंग्रजी आठचा आकडा चमकताना पाहिला. पुढे अमेरिकेत एजर्टन यांनी क्षणाच्या अत्यल्प भागापुरता चमकणारा विजेचा दिवा सिद्ध केला. आजचा साधा फ्लॅशही कमी शक्तीवर ठेवला तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच वेळ पेटतो, आणि पंख थिजल्यासारखा दिसतो. फ्लॅशवर पातळ पांढरा कागद बांधावा, म्हणजे माशीच्या अंगावर पांढरे डाग पडत नाहीत. आम्हाला स्वतःला धूसर पंखच आवडतात. जे हलत होते ते हललेलेच दिसावे.

परंतु कॅमेऱ्याच्या या साऱ्या युक्त्यांपेक्षा माशीची रीत माहीत असणे अधिक उपयोगी. नवखा माणूस माशीच्या मागे धावतो. तसे करू नये, फुलापाशी बसावे. मधमाशी एका फेरीत सामान्यतः एकाच जातीच्या फुलांवर जाते, तुळशीवर निघाली तर तुळशीवरच. ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नोंदवली आहे. म्हणून मंजिऱ्या ओळीने असतील तेथे शेवटच्या मंजिरीवर कॅमेरा रोखून थांबावे, माशी आपल्या पायांनी चित्रात येते. आपली सावली फुलावर पडू देऊ नये आणि हात झटकन हलवू नये. माशीला आकार आपल्याइतके रेखीव दिसत नाहीत, हालचाल मात्र तत्काळ कळते. फुलावर काम करीत असलेली माशी चावत नाही. चिमटीत धरली किंवा कपड्यात अडकली तरच डंख मारते.

फुलांच्याही पाळ्या असतात. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उघडते. भोपळ्याला नराची फुले वेगळी, मादीची वेगळी. माशी फिरली नाही तर कोवळे फळ पिवळे पडून गळते, आणि घरधनीण खताला दोष देते. ज्याला भोपळ्याच्या फुलातील परागाने माखलेली माशी टिपावयाची आहे त्याने सकाळची पहिली पाळी धरलीच पाहिजे. गोंडेदार झेंडू आणि बोगनवेल यांच्यापाशी मात्र आम्ही कित्येक सकाळी व्यर्थ घालवल्या. झेंडूच्या गच्च जातींत पाकळ्यांनी परागाची जागा बळकावलेली असते, आणि बोगनवेलीचे जे रंगीत दिसते ते फूलच नव्हे. तुळस, सब्जा, फुलोऱ्यावर सोडून दिलेली कोथिंबीर, तीळ, शेवगा, दारचे एखादे सूर्यफूल, यांच्याकडे बघा. कॅमेरा हाती आल्यापासून आमच्या परसाची शोभा शेजाऱ्यांच्या दृष्टीने कमी झाली आहे. कोथिंबीर वेळेवर उपटली जात नाही.

रंगाविषयी एक शब्द. मधमाशीला तांबडा रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी रंगीत कागदांवर साखरपाण्याच्या बशा ठेवून माशीला रंग ओळखता येतात हे सिद्ध केले. मधमाशीच्या नृत्याचा अर्थ लावणारेही तेच, आणि त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आपल्याला सपाट पिवळे दिसणारे फूल माशीला मध्यभागी वेगळी खूण असलेले दिसत असेल. आपला कॅमेरा आपल्या डोळ्यांसाठी घडवलेला असल्यामुळे ती खूण त्यात येत नाही. आमच्या साक्षीदाराची ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

आता ती निळ्या पट्ट्यांची माशी. तिचा एक गुण असा की टोमॅटो किंवा वांग्याचे फूल ती पायांनी कवटाळते आणि उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवते. या फुलांचे पराग मिठाच्या डबीतल्यासारखे टोकाच्या छिद्रातून पडतात. थरथरल्यावाचून पडत नाहीत. भुंग्यालाही ही विद्या येते, सातेरीला आणि आग्याला येत नाही. कान जवळ नेला तर तो बारीक घूं असा आवाज ऐकू येतो. तिचा दुसरा गुण आमच्यासारख्या वयस्क छायाचित्रकाराच्या सोयीचा. या जातीच्या नरांना घर नसते. दिवस मावळताना ते एखाद्या वाळक्या काडीवर ओळीने येतात, काडी जबड्यात धरतात आणि पाय पोटाशी घेऊन तसेच झोपतात. उजाडल्यावर अंग तापेपर्यंत ते हलत नाहीत. आमच्या परसातल्या तारेच्या कुंपणाजवळ एका काडीवर आम्ही एकदा सात मोजले. आमच्याजवळचे सर्वांत चांगले चित्र तेच, आणि त्याला ना वेग लागला ना फ्लॅश, केवळ पहाटे उठणे लागले.

काही मंडळी माशी पकडून थंडपेटीत ठेवतात, ती बधिर झाली की फुलावर मांडतात आणि निवांत चित्र घेतात. चित्र सुरेख येते. आमच्या मते ते घेऊ नये. बेशुद्ध कामगाराला यंत्रापाशी उभा करून ‘काम चालू’ म्हणून दाखवण्यासारखे ते आहे.

येथे आमच्या धंद्याचा विषय आलाच आहे, तर एक जुने कोडे सोडवून टाकतो. ‘मधमाशीसारखे अखंड काम करा’ हा उपदेश आम्ही व्यवस्थापनाच्या बाजूने बोलणाऱ्या पाहुण्यांकडून इतक्यांदा ऐकला आहे की त्याची मोजदाद नाही. जर्मनीत फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडावर यांनी एका कामकरी माशीवर खूण करून पोळ्यातील तिचा दिनक्रम १७६ तासांहून अधिक काळ पाहिला आणि १९५२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ६९ तास ती स्वस्थ बसून होती, आणि ५६ तास नुसती पोळ्यातून हिंडून कोठे काय हवे ते पाहत होती. ही आकडेवारी आम्ही एका वाटाघाटीत सांगितली. पगारात काही फरक पडला नाही, पण तो उपदेश त्या टेबलावर पुन्हा झाला नाही.

मात्र बाहेरचे काम सुरू झाले की ते तिला लवकर संपवते, हेही चित्रातच दिसते. हंगामात कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते; पहिले सुमारे तीन आठवडे पोळ्याच्या आत, उरलेले फुलांवर. चित्र मोठे करून पाहा. नव्या माशीच्या पंखांची कड अखंड आणि छातीवर भरपूर लव असते. जुनीचे पंख टोकाला फाटलेले, लव झडून पाठ काळी तुकतुकीत झालेली. नुसत्या डोळ्यांना दोघी सारख्याच. आमच्या तुळशीवर उजव्या पंखाला खाच पडलेली एक सातेरी आम्हाला लागोपाठ चार दिवस चित्रात सापडली. पाचव्या दिवशी नव्हती. असंख्य माश्यांतून एकीला ओळखता येते, हे आम्हाला कॅमेऱ्याशिवाय कळले नसते.

यामुळेच पुढची हकीकत आम्हाला लागून राहिली. कामगारांच्या एका वसाहतीत, नाव सांगत नाही, पाण्याच्या टाकीखाली आग्याचे मोहोळ लागले. खाली सार्वजनिक नळ. पाण्याला गेलेल्या एका मुलाने दगड मारला आणि त्याला व आणखी दोघांना माश्यांनी फोडून काढले. मुलगा चार दिवस दवाखान्यात होता. तेव्हा भीती खोटी नव्हती. आग्याच्या मोहोळाच्या जवळ जाऊ नये, त्यावर फ्लॅश मारू नये, श्वास सोडू नये, हे आम्ही कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला सांगतो. एक माशी चावली की केळ्याच्या वासाशी मिळताजुळता गंध सुटतो आणि तो इतरांना हल्ल्याची सूचना देतो. अशा वेळी हात न झटकता तोंड झाकून घरात शिरावे.

वसाहतीत सभा भरली. मोहोळ रात्री पलित्याने जाळावे, असा ठराव पुढे आला. आम्ही सांगितले की आग्या येथे कायमची राहत नाही, पावसाच्या तोंडाला ती आपण होऊन जाते, तोवर नळापासून दूर राहण्याची सोय करू. भाषणाचा उपयोग झाला नाही. मग आम्ही पिशवीतली चित्रे फिरवली. एका बाईने सूर्यफूल ओळखले, म्हणाली, “हे आमच्याच दारचं.” त्याच फुलावर आग्या माशी होती, पायांवर नारिंगी परागाची गोळी घेतलेली. सभेत जरा कुजबुज झाली आणि निर्णय आठ दिवस पुढे गेला. आम्ही त्यावर समाधान मानून गावी परतलो. ही आमची चूक. आठ दिवस पुढे गेलेला निर्णय म्हणजे निर्णय नव्हे, हे संपाच्या वाटाघाटींत आम्ही इतरांना शिकवीत आलो होतो.

तिसऱ्या रात्री कोणीतरी पलिता लावला. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा नळाच्या ओट्यावर मेलेल्या माश्यांचा थर होता आणि एक माणूस फावड्याने तो गोळा करीत होता. आम्ही साक्षीदाराचे काम केले. ओट्याची आणि माश्यांची जवळून चित्रे घेतली. मोठी करून पाहिली तेव्हा त्यांत फाटक्या पंखांच्या जुन्या होत्या आणि अखंड पंखांच्याही होत्या. काही तर एकदाही फुलावर गेल्या नसतील.

ती चित्रे आम्ही वसाहतीच्या फलकावर लावली, शेजारी सूर्यफुलाचे जुने चित्र. खाली काही लिहिले नाही. एक-दोघांनी ‘हे काढा’ म्हणून सांगितले. पुष्कळांनी उभे राहून पाहिले. पुढच्या दिवाळीनंतर त्याच टाकीला आग्याने पुन्हा पोळे टांगले. या खेपेस रहिवाशांनी आधी नळ वीस फूट बाजूला घेतला, नळीचा खर्च वर्गणीतून केला, आणि मुलांसाठी दोरी बांधली. मोहोळ जून उजाडेपर्यंत राहिले. ते गेल्याचा निरोप द्यायला आलेल्या मुलाने आमच्याकडे एक मोबाइल पुढे केला; त्यावर दुरून, थोडे हललेले, रिकाम्या पोळ्याचे चित्र होते. दगड मारणारा मुलगा तोच. माशी जवळून कशी काढायची, असे त्याने विचारले. आम्ही त्याला चिमट्याचे भिंग दिले आणि पहाटे साडेपाचला कुंपणाजवळच्या काडीपाशी यायला सांगितले.